वाचायची राहिलेली ओळ

मिस्टर ईवन, आज शुक्रवार. सकाळी साडेनऊला अल खौदहून निघालो आणि सवयीने अल खुवैरकडे गाडी वळवली. तुमच्या बिल्डिंगखाली पार्किंग मिळालं तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की वर आता कोणी राहत नाही. फ्लॅटची किल्ली परवाच मालकाला देऊन झाली. बिल्डिंगचा राखणदार, नातूर बशीर, खुर्चीवरून उठला. "साब का कुछ सामान रह गया क्या?" मी म्हटलं, "नहीं, ऐसे ही." मग एसी चालू ठेवून थोडा वेळ गाडीतच बसलो आणि परत आलो. आता घरी, डायनिंग टेबलवर लिहायला बसलोय.

आपण कायम इंग्रजीत बोललो. तुमची ती स्कॉटिश इंग्रजी आणि माझी संगमेश्वरी इंग्रजी. दोघांनी मिळून त्या भाषेचे जे हाल केले, ते कंपनीत सगळ्यांना माहीत होते. आज पहिल्यांदाच तुमच्याशी माझ्या भाषेत बोलतोय. तुम्हाला यातलं अक्षर कळणार नाही, पण आता इंग्रजीत लिहिलं तरी काय फरक पडणार आहे?

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. तुमची पेटी विमानाने गेली. मी कार्गोच्या गेटपर्यंत आलो होतो, पुढे सोडत नाहीत. मर्तिकाहून आल्यावर आमच्यात आंघोळ करतात, म्हणून घरी येऊन केली. त्यापलीकडे मला करण्यासारखं काही नव्हतं. रात्री पुण्याला फोन केला तेव्हा सायली म्हणाली, "बाबा, यू ओके ना? पण ते आपले रिलेटिव्ह पण नव्हते." पोरगी मस्कतच्या शाळेत वाढली, तिचं मराठी असं थेट असतं. तुम्ही माझे कोण, याला मराठीत शब्द असेल तर मलाही कोणीतरी सांगावा.

सायलीच्या कॉलेजसाठी ती आणि सुनीता पुण्याला गेल्या, त्याला आता तीन वर्षं होतील. मी मागे राहिलो, तीन खोल्या आणि एक फ्रीज राखत. शुक्रवार, सुट्टीचा दिवस, अंगावर यायचा. नेमके त्याच सुमारास तुम्ही ऑफिसात माझ्या टेबलाशी आलात. तुम्ही पाण्याचे इंजिनीअर. डोंगरातून गावांत पाणी आणणाऱ्या इथल्या जुन्या पाटांवर, फलजांवर, तुम्ही उभं आयुष्य घालवलंत. रिटायर झाल्यावरही कंपनीने सल्लागार म्हणून ठेवून घेतलं होतं. मी ड्राफ्ट्समन, तुमच्या नकाशांवर रेघा मारणारा. पण तुमच्या डोळ्यांचा मधला भाग निकामी होत चालला होता, नुसत्या कडा दिसायच्या. "प्रभाकर," तुम्ही म्हणालात, "मला तुझे कान दिसतायत, तोंड दिसत नाही. तुला जुनं हस्ताक्षर वाचता येतं का?"

तुमचे आजोबा म्हणायचे, आपण गिरणीवाले. मूळ गाव कुठलं ते तुम्हाला माहीत होतं. पणजोबांचं नाव जेम्स डंकन टेट, तेही माहीत होतं. त्याच्या मागे अंधार. जेम्सचा बाप कोण, गिरणी कुणाची, हे तुमच्या घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. तिकडच्या चर्चच्या वह्या आता कॉम्प्युटरवर बघायला मिळतात, पण वाचणार कोण? बायको गेलेली, मुलगी कर्स्टी एडिंबराला, आणि तुम्ही टेटांतले शेवटचे. "डोळे पूर्ण जायच्या आत एवढं कळलं पाहिजे," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, "का?" तुम्ही म्हणालात, "इथून मी परत जाईन तेव्हा कुणाकडे जातोय, ते मला माहीत हवं."

तेव्हा मी सहज बोलून गेलो, की माझ्या वडलांचीही गिरणी होती. तुम्ही खुर्चीतून उठलात. "तुझे वडील मिलर? आणि हे तू मला आता सांगतोस?"

अहो, त्यात सांगण्यासारखं काय होतं! गावाच्या टोकाला पत्र्याची शेड, डिझेलचं इंजिन आणि कायम पांढऱ्या भुवयांचे माझे वडील. पण तुमचे प्रश्न संपेनात. दगड कुठला? टाकी किती दिवसांनी लावायचे? मी सांगितलं, दळून दळून दगड गुळगुळीत झाला की छिन्नी-हातोड्याने त्याला परत खाचा पाडाव्या लागतात, आणि त्या वेळी पोलादाचे बारीक कण उडून हातात रुततात. वडलांच्या हातांवर काळे ठिपके होते, मरेपर्यंत गेले नाहीत. तुम्ही म्हणालात, "आमच्याकडे दगडाला टाकी लावणारा नवा माणूस आला की मिलर त्याला आधी हात दाखवायला सांगत." माझ्या बापाचे हात तुमच्या गावात चालले असते, हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की त्या शुक्रवारी तुमच्या फ्लॅटवर तुमची ती मीठ घातलेली ओट्सची लापशी मी दोनदा घेतली. तुम्ही तिला पॉरिज म्हणत होतात. मी म्हटलं, ही तर आमची पेज.

तेव्हापासून दर शुक्रवारी तुमच्याकडे वह्या वाचणं, पेज आणि वाद. तुमचं म्हणणं, शेतकरी पन्नास असतात, गिरणीवाला गावात एक. माझं म्हणणं, म्हणूनच त्याला कोणी चांगलं म्हणत नाही. आमच्या शेडच्या दारात बायका पिठाचा डबा हातात तोलून बघायच्या आणि वडलांकडे अशा बघायच्या, की मला लहानपणी जमिनीत शिरावंसं वाटायचं. तुम्ही हसून सांगितलंत, की तुमच्याकडे तर शेतकऱ्याला दुसरीकडे दळायची मुभाच नसे. जमीनदाराने नेमून दिलेल्या गिरणीतच धान्य न्यायचं, आणि मग घरी जाऊन मिलरला शिव्या घालायच्या. "मग शिव्या खाणारा पूर्वज कशाला हवा? शेतकरी बघा एखादा," मी म्हणायचो. "नेव्हर," तुम्ही म्हणायचात. हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही.

आता मुख्य गोष्टीवर येतो. आतापर्यंत टाळत होतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्या शुक्रवारी बारशाच्या नोंदींचं पान उघडलं होतं. पानावर एकाखाली एक दोन जेम्स टेट होते. दोघंही त्याच गावचे, वयात वर्षभराचंही अंतर नाही. वहीत नुसतं जेम्स, मधलं नाव नाही. पहिल्याचा बाप डंकन टेट, मिलर. दुसऱ्याचा बाप अलेक्झांडर टेट, शेतकरी. मी एक क्षणही थांबलो नाही. तुमचा पणजोबा जेम्स डंकन टेट, म्हणजे डंकनचा मुलगा, यात विचार कसला करायचा? मी प्रभाकर सखाराम शिगवण. माझी मुलगी सायली प्रभाकर. आमच्या ऑफिसचा सालेम हा सालेम बिन हमूद. या देशात माझ्या ओळखीच्या प्रत्येक माणसाच्या नावात मधोमध त्याचा बाप बसलेला आहे. तुम्हाला स्वतःला मधलं नाव नव्हतं, त्यामुळे ते तुमच्याकडे कुठून येतं हे विचारायचं मला सुचलंच नाही.

मी तुम्हाला एकच नोंद वाचून दाखवली. खालची नाही. खाली काही आहे, हे सांगितलंसुद्धा नाही.

तुम्ही म्हणालात, "पुन्हा वाच." मी वाचली. "पुन्हा." तिसऱ्यांदा वाचल्यावर तुम्ही खिडकीशी गेलात आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिलात. एसीचं पाणी खाली टपटपत होतं. मला वाटलं, आयुष्यात मी एक तरी मोठं काम केलं.

त्या आनंदात आपण निझवाला गेलो. तिथल्या जुन्या बाजारातल्या, सुकातल्या, त्या म्हाताऱ्याकडे जुन्या सामानात जातं दिसलं आणि तुम्ही हटून बसलात. तो म्हणाला, याने आता काही दळत नाही, शोभेला ठेवा. मी त्यावरून हात फिरवला. दगड पार गुळगुळीत झाला होता. "टाकी लावली की दळेल," मी म्हटलं, आणि आपण दोघांनी ते धूड गाडीत घातलं. पुढच्या शुक्रवारी हमरियाच्या बाजारातून छिन्नी आणून तुमच्या बाल्कनीत मी ठोकायला बसलो. अर्ध्या तासात बशीर वर आला. "भाईसाब, टाइल तोड रहे हो क्या? ऊपर की मॅडम बहुत गुस्सा है." तुम्ही त्याला खुर्ची दिलीत, पेज दिलीत आणि ठोकणं चालू ठेवायला लावलंत. तेवढ्यात माझ्या डाव्या हातात कण घुसला. रक्त आलं. तुम्ही माझा हात धरून बोटाने चाचपलात आणि म्हणालात, "आता तू मिलर झालास." तो काळा ठिपका आता लिहितानाही मला दिसतोय.

गेल्या उन्हाळ्यात कर्स्टी तुम्हाला गावी घेऊन गेली. मी माबेल्याला गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती, समोरच्या कॅफेटेरियात चहा घेत होतो. तुमचा फोन आला. वाऱ्याचा घोंघाट एवढा, की मी दुसऱ्या कानात बोट घातलं. "प्रभाकर, माझा हात त्याच्या थडग्यावर आहे. गिरणीचं चाक कोरलंय. बोटांना लागतंय." पुढे तुमचं रडणंच ऐकू येत होतं. मी डोळे पुसले. कॅफेटेरियातला मलबारी विचारायला लागला, घरून काही वाईट बातमी आली का.

परत आलात ते थोडे गप्पच. मी म्हटलं, वय झालं, प्रवास झेपला नसेल. मी म्हणालो, "मिस्टर ईवन, काम खलास झालं. आता शुक्रवारी काय करायचं?" तुम्ही पटकन म्हणालात, "खलास कसं? डंकनचा बाप शोधायचाय. त्याचा आजा शोधायचाय." म्हणून आपण पुढे शोधत राहिलो. त्या मिलरच्या मागे आणखी दोन पिढ्या गेलो आपण. मी वाचायचो, तुम्ही ऐकायचात, कधीकधी डोळे मिटून. पूर्वी शंभर प्रश्न विचारायचात, आता एखादाच.

मग तुम्ही आजारी पडलात. हॉस्पिटलमधून घरी येणार नाही, हे तुम्हाला आणि मला साधारण एकाच दिवशी कळलं. मी ठरवलं, ऑफिसच्या मोठ्या प्रिंटरवर तुमची अख्खी वंशावळ छापायची, अक्षरं एवढाली, की तुम्हाला कडेकडेने तरी वाचता यावीत. नावांची स्पेलिंगं तपासायला मी ते जुनं पान परत उघडलं, आणि पहिल्यांदाच खालची नोंद शेवटपर्यंत वाचली. बापाच्या नावाशी थांबलो नाही. पुढे आईचं नाव होतं. इसोबेल डंकन.

तुमच्याकडे लग्नानंतरही वहीत बाईचं माहेरचं आडनाव लिहितात. आणि ते मुलाच्या नावात मधे घालायची पद्धत आहे, हे मी त्या दिवशी शोधून वाचलं. मग जेम्सच्या लग्नाची नोंद काढली. आई इसोबेल, माहेरची डंकन. बाप अलेक्झांडर, शेतकरी. म्हणजे मिलर डंकन टेट तुमचा कोणीच नव्हता. नुसता आडनावबंधू, आणि आजोबांचं 'आपण गिरणीवाले' ही नुसती ऐकीव गोष्ट. सगळं त्याच पानावर होतं, बोटभर खाली, आणि माझी नजर बापावरून पुढे गेलीच नव्हती. माझ्या स्वतःच्या आजीचं माहेरचं नाव काय, असा विचार मी तिथे बसून केला. मला माहीत नाही. आमच्यात कुणी कुठे लिहिलेलंच नाही.

तुम्ही विचारलंत, "चार्ट झाला?" तुमचा हात चादरीवर होता. याच हाताने तुम्ही कुणा परक्याचं थडगं चाचपून रडला होतात, आणि ते माझ्यामुळे. मी म्हटलं, "प्रिंटर बिघडलाय. पुढच्या शुक्रवारी आणतो." पुढच्या शुक्रवारीही तेच सांगितलं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "इन्शाल्ला." त्यानंतरच्या बुधवारी तुम्ही गेलात.

मला तुमची भीती वाटत नव्हती, मिस्टर ईवन. तुम्ही रागावला नसतात. मला भीती होती, की हे सांगितलं तर त्या सगळ्या शुक्रवारांचं काय उरेल.

कर्स्टी आली. आम्ही दोघांनी तुमची कपाटं रिकामी केली. ती तुमच्यासारखीच, बोलता बोलता कामं उरकणारी. तिने सांगितलं, डॅडना मिलरच्या शेजारची जागा मिळतेय, आणि दगडावर कोरायचं आहे, "मिलर डंकन टेट यांच्या वंशातला." कोरणारा माणूस मजकुरासाठी थांबलाय. "चार्ट तुमच्याकडे आहे ना? तारखा सांगा."

एखादी चूक कागदावर असते तोवर खोडता येते. दगडावर गेली की माझ्यामागेही राहील. मी तिला आधी चहा करून दिला, मग सगळं सांगितलं. खालच्या ओळीसकट.

तिने हळूच विचारलं, "इसोबेल डंकन म्हणालात का तुम्ही?" आणि सांगितलं. त्या दिवशी मला फोन करून झाल्यावर तुम्ही तिला म्हणालात, बाकीचे दगडही वाचून दाखव. ती वाचत गेली. भिंतीलगतच्या एका बुटक्या दगडावर होतं, इसोबेल डंकन, अलेक्झांडर टेट यांची पत्नी. ते ऐकून तुम्ही थांबलात. परत वाचायला लावलंत. मग म्हणालात, "चल, गारठा वाढलाय." तिला तेव्हा काही समजलं नव्हतं.

तुम्हाला माहीत होतं. तेव्हापासून माहीत होतं.

बाल्कनीतलं जातं उचललं तेव्हा उरलेलंही कळलं. त्याच्याखाली तुमचे कागद होते. जाड काळ्या मार्करने, एका पानावर चार ओळी मावतील एवढ्या अक्षरांत लिहिलेले, तुमच्या शुक्रवारच्या याद्या. ओट्स. बल्ब. प्रभाकरसाठी नवी छिन्नी. आणि प्रत्येक पानाच्या शेवटी: "प्र.ला डंकनबद्दल सांगणे." त्यावर काट. पुढच्या पानावर तेच, आणि काट. एका पानावर काट मारून खाली लिहिलं होतं, "पुढच्या शुक्रवारी. आज तो खूश होता."

मी तिथेच बाल्कनीत खाली बसलो. मोठ्याने रडलो. बशीर वर आला आणि काही न विचारता परत गेला.

कसले हो आपण दोघे! तुम्ही परक्याच्या पिढ्या मुकाट ऐकत राहिलात, मला कमीपणा येऊ नये म्हणून. किंवा तुम्हालाही माझ्यासारखाच शुक्रवार हवा होता म्हणून. नक्की कशासाठी, हे विचारायचं राहिलं. माझा राग आहे तुमच्यावर. एकदा सांगितलं असतंत तर आपण त्या शेतकऱ्याला शोधलं असतं, त्याचं शेत, त्याची बैलं की घोडे, जे काय असेल ते. वेळ होता तेव्हा. आणि तो वाद मी जिंकलो, मिस्टर ईवन. पूर्वज शेतकरीच निघाला. सांगणार कुणाला?

कर्स्टीने आता भिंतीलगतची जागा मागितली आहे, त्या बुटक्या दगडाशेजारी. तुमच्या दगडावर मिलरचं नाव नसेल. मी तिला म्हटलं, अलेक्झांडरची पोती त्याच डंकन टेटच्या दारात जात असणार, दुसरीकडे दळायची मुभाच नव्हती, म्हणजे गिरणीशी तुमचं नातं होतंच. "रांगेत उभं राहून शिव्या घालण्याचं," ती म्हणाली. तुमची मुलगी शोभते.

जातं तिने मला दिलं. माझ्या बाल्कनीत आहे. मघाशी तुमचे उरलेले ओट्स त्यात भरडले, मीठ घालून पेज केली. एकट्याने खाल्ली. बरी झाली होती.

आता ते पान समोर उघडलंय. कुणी ऐकणारं नाही, तरी मोठ्याने वाचतोय. तुम्ही मधे बोलू नका, या वेळी मी शेवटपर्यंत वाचणार आहे.

"जेम्स. बाप अलेक्झांडर टेट, शेतकरी. आई इसोबेल डंकन."

पुन्हा वाचतो.